वय झालं, पण वय बसत नाही

तीर्थस्वरूप आत्यास,


हे पत्र तुझी नात तुला वाचून दाखवील. ती यंदा दहावीला आहे, जोडाक्षरांना अडखळायची नाही. पण मधेच कुठे तिचा आवाज बारीक झाला तर समज, तिथे तुझंच काहीतरी आलंय. पत्र छापायला देऊ का, असं मी फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "दे की, मला कुठं वाचता येतंय!" आणि खोकला लागेपर्यंत हसलीस. मी तो होकार धरला.

गेल्या महिन्यात आपण दोघी दोन दारांत जाऊन आलो. पहिलं दवाखान्याचं. तुझी कंबर, गुडघे, रात्री पोटऱ्यांत येणारे गोळे, चार पायऱ्या चढलं की भरणारा दम, सगळं मी एका दमात डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आजींचं वय काय?" मी म्हटलं, सत्तर. "मग वय झालंय," ते म्हणाले आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. तूही मान डोलावलीस, कोर्टाचा निकाल ऐकल्यासारखी. दुसरं दार तहसीलचं. श्रावणबाळ योजनेचा अर्ज घेऊन आपण खिडकीशी उभ्या होतो. आतल्या मुलानं तुझं आधार कार्ड उलटसुलट पाहिलं आणि सांगितलं, "मावशी, पासष्ट पूर्ण लागतात. तुमचं वय बसत नाही." कार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९६२. गावात आधारचं मशीन आलं होतं तेव्हा कुणीतरी तुझ्याकडे बघून अंदाजानं साल टाकलं आणि पहिली तारीख ठोकून दिली. तुझ्या वस्तीवरची निम्मी म्हातारी माणसं एक जानेवारीलाच जन्मलेली आहेत.

येताना एसटीत तू म्हणालीस, "दवाखान्यात म्हातारी आन् कचेरीत तरणी. मंग म्या ऱ्हावं कुठं?" कंडक्टरनं तुझं अर्धं तिकीट काढलं. तेही म्हातारी म्हणून नाही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून.

आत्या, त्या दिवसापासून "वय झालंय" आणि "वय बसत नाही" ही दोन वाक्यं माझ्या डोक्यातून जात नाहीत. तुझं दुखणं कधी सुरू झालं हे त्या दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी साल सांगितलं असतं. १९७२.

मोठी आत्या तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी. दोघी एकाच आईच्या पोटच्या, पारनेरच्या त्याच कोरड्या घरात वाढलेल्या. शाळेचं तोंड दोघींनीही पाहिलं नाही. शाळा माझ्या वडिलांच्या, तुमच्या दादाच्या वाट्याला आली. मोठीचं लग्न १९७० च्या उन्हाळ्यात झालं. तेव्हा आजोबांच्या दावणीला बैलजोडी होती, कणगीत बाजरी होती. हुंडा कसाबसा उभा राहिला आणि तिला राहात्याकडचं बागायती स्थळ मिळालं. तुझं लग्न दोन वर्षांनी करायचं ठरलं होतं. मधे दुष्काळ आला. बैल चाऱ्यावाचून कवडीमोलानं गेले. आजोबा, आजी, माझी आई आणि तू, सगळी दुष्काळी कामावर खडी फोडत होता. मी पाच वर्षांची होते. मला सुकडीची चव आणि लाल मिलोच्या भाकरीचा रंग, एवढंच आठवतं. १९७३ साली तुझं लग्न झालं तेव्हा आजोबांनी एकच गोष्ट पाहिली, की समोरच्यानं हुंडा मागू नये. असं स्थळ पाथर्डीच्या डोंगराकडे मिळालं, जिथे दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन बाहेर पडतं.

तुम्हा बहिणींच्या वयात दोन वर्षांचं अंतर आहे, लग्नांत तीन वर्षांचं, आणि त्या तीन वर्षांत एक दुष्काळ आहे. बाकी सगळं त्यातून आलं.

राहात्याकडे तुझ्या जन्माआधीपासून पाणी आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि प्रवरेचे कालवे खालच्या तालुक्यांतून फिरले. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्राचा पंडित त्यांच्या पाठीशी होता. कारखान्यामागून शाळा आल्या, कॉलेजं आली, लोणीचं मोठं इस्पितळ आलं. मोठ्या आत्याच्या घरची सहा एकर जमीन कालव्याखालची. उसाचं बिल, पेरूची बाग, पुढे दारात चार गाई. मी त्या सहकाराला नावं ठेवणार नाही. त्यानं एक पिढीच्या पिढी उभी केली. पण ऊस आपला आपण तुटत नाही. तो तोडायला माणसं लागतात, आणि ती जिथे कालवा पोचला नाही तिथूनच येतात. नगर जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी त्याच्या आत हे दोन जिल्हे आहेतच: एक कालव्याचा, एक कोयत्याचा.

तू मला एकदाच सांगितलेली एक गोष्ट आहे. एका हंगामात तुमची टोळी मोठीच्या गावापासून दोन कोसांवर उतरली होती. तू तीन महिने तिथे होतीस आणि बहिणीकडे एकदाही दिवसाउजेडी गेली नाहीस. उसाच्या पाचटानं कापलेले हात, काळं पडलेलं तोंड, अंगाला चिकट रस. तिच्या सासूसमोर जायची तुला लाज वाटली. शेवटी तीच एका संध्याकाळी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन कोपीवर आली. वाकून आत शिरली, तुझ्या पोरांना जवळ घेतलं, आणि दोघी एकमेकींना काहीच बोलला नाहीत. जाताना ती म्हणाली, "खाली किती ओल हाय गं." त्या ओल्या जमिनीवर तू पाचट आणि पोतं टाकून निजायचीस. गेल्या वर्षी लोणीच्या बाजारात मोठी मला भेटली तेव्हा अजून तेच बोलली, त्याच शब्दांत.

मी परवा बसून हिशेब केला. तू तीस हंगाम केलेस. हंगाम पाच महिन्यांचा धरला तर साडेबारा वर्षं तू कोपीत राहिलीस. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, अंधारात फडात जायचं, दिवसभर वाकून तोड, मग मोळी बांधून डोक्यावर घेऊन शिडीनं ट्रकवर चढायचं. मोळी तीस-चाळीस किलोंची. आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापून घ्यायचे. म्हणून ताप आला तरी तू फडात. फडात आडोसा नाही, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही. त्यातून लघवीची जळजळ, ती अंगावर काढायची. भूक मरावी म्हणून मिश्री लावायची. मिश्रीनं दात गेले. दात गेले म्हणून आता भाकरी चावत नाही, ती चहात बुडवून खायची. आणि मग दवाखान्यात रक्त कमी निघालं की ऐकायचं, आजी, जेवण नीट घेत चला.

आता जे लिहिते ते लिहू का, असं तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, "लिही. समद्यांचीच काढलीय." तेहतिसाव्या वर्षी तुझी गर्भाची पिशवी काढली. अंगावर पांढरं जात होतं, पाळीत खाडे पडत होते, मुकादम कुरकुरत होता, आणि एका डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडूनच उचललेस आणि ते फेडायला दीड महिन्यात पुन्हा मोळी उचललीस. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात अशा बायकांची पाहणी झाली. ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड बायकांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा विधिमंडळात गाजलं, पेपरात आलं. पण ती बातमी तरण्या बायकांची होती. त्या बायका पुढे सत्तरीच्या होतात तेव्हा त्यांचं काय होतं, यावर फार कुणी लिहीत नाही. पिशवीबरोबर बीजकोशही गेले असतील तर बाईच्या अंगातली हाडं धरून ठेवणारी संप्रेरकं एकदम आटतात. जी झीज पन्नाशीत सुरू व्हायची ती तिशीत सुरू होते. त्याच हाडांवर तू पुढची वीस वर्षं मोळ्या वाहिल्यास. डॉक्टर म्हणाले, वय झालं. आत्या, तुझ्या कमरेचं वय तुझ्याहून जास्त आहे.

मोठीचं सगळं बरं आहे असं मी म्हणत नाही. तिला साखर आहे, बी.पी. आहे, एक गुडघा बदलून झालाय. पोरं पुण्याला, ती आणि गाई घरी. फोन केला की अर्धा तास सोडत नाही. पण बघ, तिची साखर सापडली कधी? चाळिशीत, पायाची जखम भरेना म्हणून मुलानं तपासून घेतली तेव्हा. तीस वर्षं ती गोळी खाते आणि साखर घेऊन जगते. तुझी साखर कुणी कधी बघितली? २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांवर माणसांची पाहणी झाली. त्यात डॉक्टरांनी सांगितलेला रक्तदाब आणि मधुमेह खात्यापित्या घरांत जास्त निघतो. वरवर वाचलं तर वाटतं, गरीब माणूस काटक. खरी गोष्ट अशी, की श्रीमंताचा आजार सापडतो आणि गरिबाचा एकदम लकव्याच्या रूपानं घरी येतो. मामांचं, तुझ्या यजमानांचं, तसंच झालं ना? २००९ च्या पौषात फडात बसले ते उठलेच नाहीत. बी.पी. आहे हे कळलं ते त्या दिवशी.

गंमत सांगते. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या हजारो नोकरदारांवर १९६७ पासून डॉक्टरांनी लक्ष ठेवलं. त्यात मायकेल मार्मट नावाचा संशोधक होता. तिथे उपाशी कुणी नव्हतं, फडात कुणी नव्हतं, दवाखाना सगळ्यांना फुकट. तरी सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसांचं मरणाचं प्रमाण वरच्या साहेबांच्या तिपटीच्या आसपास निघालं. आणि खालून वर, पायरी-पायरीनं ते उतरत गेलेलं. विड्या-सिगारेटी, वजन, सगळं वजा करून पाहिलं तरी फरक पुरता जाईना. मार्मटनी जे कारण पुढे मांडलं ते तुला समजावून सांगायची गरज नाही: आपल्या दिवसावर आपला ताबा किती. कधी उठायचं, कधी थांबायचं, आज जायचं की नाही, हे ज्याला दुसराच ठरवून देतो त्याचं काळीज आतून झिजतं. तिथे हे आकडे जमवायला वर्षानुवर्षं लागली. तू मुकादमाचा आवाज आला की अजून दचकून उठतेस, कोयता सोडून सोळा-सतरा वर्षं झाली तरी.

माझंही सांगून टाकते. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं, आणि दुसऱ्या महिन्यापासून पेन्शन. त्या दिवशी तू मांडवात मागच्या खुर्चीवर बसली होतीस आणि मला विचारलंस, "आता काम नाय केलं तरी पैशे येणार?" मी हो म्हटलं आणि तुला ते खरंच वाटेना. माझ्या वडिलांना शाळा मिळाली, म्हणून मला मिळाली. त्या शाळेची फी आजोबांनी ज्या वर्षी बैल विकून भरली त्या वर्षी तुझ्या लुगड्याला ठिगळ होतं, हे आईनं मला फार उशिरा सांगितलं. तेव्हा हे पत्र मी वरून लिहीत नाही. तुझ्या देण्याचा हा हिशेब आहे आणि तो फिटणारा नाही.

तुझी निवृत्ती कशी आहे? दिवाळीनंतर पोरगा आणि सून कारखान्यावर जातात आणि गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. सत्तराव्या वर्षी तू तीन नातवंडांचा डबा करतेस, दोन शेळ्या सांभाळतेस, हंडा-हंडा पाणी आणतेस. पूर्वी नवरात्रात मोहट्याच्या देवीला अनवाणी जायचीस, आता गडाच्या पायथ्याशी बसून हात जोडतेस. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचा तर तो उमटत नाही. उसाच्या पात्यांनी आणि कोयत्याच्या मुठीनं रेषाच पुसून टाकल्यात. दुकानदार फडक्यानं पुसतो, पुन्हा लावतो, एकेक बोट बदलतो. मी शेजारी उभी होते तेव्हा पाचव्या बोटाला मशीन बोललं. आणि श्रावणबाळचे महिन्याचे दीड हजार मिळवायला वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत दाखवावं लागतं, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. त्याहून जास्त मिळवणारा म्हातारा सरकारच्या लेखी सुखात आहे.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार फुकट आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, श्रीमंत असो की गरीब, पाच लाखांचं आयुष्मान कार्ड आहे. मोठीनं ते काढलं. तिच्या मुलानं तिचं आधार वेळीच नीट करून घेतलं होतं. तुझं निघत नाही, कारण तू त्रेसष्टची आहेस! रेशनकार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मोठं ऑपरेशन होऊ शकतं, ते खरं. पण कार्डावर ऑपरेशन बसतं, रोजची गोळी बसत नाही, गाडीभाडं बसत नाही, आणि तू दवाखान्यात गेलीस तर शेळ्यांकडे कोण बघणार, हे कुठल्याच कार्डावर बसत नाही.

माझी पहिली नेमणूक जामखेड तालुक्यात होती, तुला आठवत असेल. तू मला तिथे बाजरीचं पीठ पाठवायचीस. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको १९७० पासून काम करत होते. मोठं शिकलेले, अमेरिकेत राहून आलेले. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, पुष्कळशा निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या, आणि त्यांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं. मला तेव्हा नवल वाटायचं की डॉक्टर असून ही माणसं आधी बोअर, धान्य आणि बायकांची मंडळं यांचंच का बोलतात. आता कळतं. पाणी, पोटभर अन्न आणि गावात चार माणसांत बसायचा हक्क, हे औषधाच्या आधीचं औषध आहे. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी अल्मा-आटाच्या परिषदेत जगभरच्या सरकारांनी २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य द्यायचं ठरवलं होतं. ते साल तू कोपीत काढलंस. जामखेड आणि तुझं गाव एकाच जिल्ह्यात. तुझ्या वस्तीवर तशी एखादी बाई तुझ्या तिशीत असती तर तिनं तुला एवढं तरी सांगितलं असतं, की पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे.

हे आता परत येणार नाही. तुझी हाडं मी भरून आणू शकत नाही. पण कागदाचं बघता येईल. जुनी ट्रंक आवरताना मला दादांच्या कागदांत तुझं पहिलं मतदार ओळखपत्र सापडलं, निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या काळात निघालेलं. फोटोत तू डोळे वटारून बघतेस, नाव अर्धं चुकलंय, पण खाली स्पष्ट लिहिलंय: १-१-१९९५ रोजी वय ४०. म्हणजे आज तू सत्तरीच्या घरात आहेस आणि हे सरकारनंच लिहून ठेवलंय. श्रावणबाळच्या नियमांत वयाचा पुरावा म्हणून मतदार यादीतला उतारा चालतो, ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखलाही चालतो. खिडकीतल्या त्या मुलाला हे माहीत नसेल तर आपण त्याला नियम दाखवू.

मी मंगळवारी पहिल्या गाडीनं येते. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला पिशवीत काढून ठेव. शेळ्यांचं शेजारच्या काकूंना सांगून ठेव, दिवस जाईल. आधी ग्रामीण रुग्णालयात जाऊ, तिथे रक्त आणि साखर दोन्ही बघू, आणि मग वयाच्या दाखल्याचं विचारू. या वेळी डॉक्टर "आजी, वय झालंय" म्हणाले की नुसती मान डोलावू नकोस. त्यांना म्हण, मग तेवढं शिक्का मारून लिहून द्या.

तुझी भाची